फेसाळ धातूला प्रकाशाचे वळण

ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्याचा सोहळा कधी ना कधी पाहिला असेलच. लोखंडी पट्टीचे कडे लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवीत असे. मग गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद तापवायचे, दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे, घणाचे चार ठोके द्यायचे आणि लगोलग पाण्याच्या घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठे, लाकूड करकरे, आरे तुंब्यात घट्ट रुतत आणि धाव चाकाला अशी आवळून बसे की पुढे कैक वर्षे ती ढळत नसे. खिळा नाही, सरस नाही. तापला की धातू वाढतो आणि निवला की आखडतो, या एकाच नियमाच्या बळावर आपल्या लोहाराने पिढ्यान्‌पिढ्या गाडा चालविला.

याच नियमाची दुसरी बाजू आपल्या स्वयंपाकघरात दिसते. अॅल्युमिनियमचे पातळ पातेले चुलीवर कोरडेच राहिले की त्याचा तळ फुगतो आणि मग ते ओट्यावर डुगडुगू लागते. तळाचा मधला भाग तापून पसरू पाहतो, भोवतीचा थंड काठ त्याला पसरू देत नाही. मग बिचारा तळ वरखाली कुठेतरी वाट काढतो. पातेले निवल्यावरही तो पूर्ववत होत नाही. गृहिणीच्या दृष्टीने पातेले बिघडले. अभियंत्याच्या दृष्टीने मात्र हातोडा न लावता, दाब न देता, नुसत्या उष्णतेने धातूला नवा आकार मिळाला.

उष्णतेचा हा स्वभाव अलीकडच्या काळात एका विलक्षण पदार्थाच्या कामी कसा आला, ते आज वाचकांना सांगावयाचे आहे. तो पदार्थ म्हणजे धातूचा फेस. आणि त्याला वळण लावणारी शक्ती म्हणजे लेसर किरणांची.

ढोकळ्यासारखा धातू

फेस म्हटला की साबणाचा किंवा दुधाचा फेस डोळ्यांपुढे येतो. धातूचा फेस दिसावयास ढोकळ्याच्या कापलेल्या वडीसारखा असतो. सर्वत्र लहानमोठ्या पोकळ्या, काही मिलिमीटर रुंदीच्या, आणि त्यांच्यामध्ये धातूच्या पातळ भिंती. अॅल्युमिनियमच्या अशा फेसात धातूचा वाटा अवघा दहावा किंवा पाचवा असतो. उरलेले सारे पोकळ. नेहमीचे अॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. त्याचा फेस मात्र लाकडाच्या ओंडक्यासारखा पाण्यावर तरंगतो.

तो तयार करण्याची एक रीतही ढोकळ्याशी नाते सांगणारी आहे. पीठ पातळ असेल तर कितीही सोडा घाला, बुडबुडे वर येऊन निघून जातात आणि वडी दडस होते, हे कोणत्याही सुगरणीस ठाऊक आहे. वितळलेले अॅल्युमिनियम असेच पाण्यासारखे पातळ असते. म्हणून आधी त्यात थोडे कॅल्शियम घालून ढवळतात. त्याने रस दाटतो. मग टायटॅनियम हायड्राइडची पूड घालतात. उष्णतेने तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, दाट रस फुगतो, आणि तो फुगलेला असतानाच थंड केला की बुडबुडे जागच्या जागी गोठतात.

ही कल्पना नवी नाही. असा सच्छिद्र धातू करण्याचे प्रयत्न फ्रान्समध्ये १९२५ च्या सुमारास झाल्याची नोंद पेटंटच्या दप्तरात आहे. अमेरिकेत बेंजामिन सॉस्निक यांना १९४८ साली आणि जॉन एलियट यांना १९५६ साली पेटंटे मिळाली. पुढे १९८० नंतर जपानमध्ये वर सांगितलेली कॅल्शियमची रीत कारखान्यात उतरली आणि १९९० नंतर जर्मनीने धातूच्या भुकटीपासून फेस करण्याचा मार्ग विकसित केला. आपल्याकडे भोपाळच्या प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्थेत अॅल्युमिनियमच्या फेसावर काम झाले आहे.

गुण पाहावेत तर डोळे दिपावेत. वजनाच्या मानाने हा पदार्थ ताठ. त्याच्यावर आघात झाला की पोकळ्यांच्या भिंती एकामागून एक चुरडत जातात आणि आघाताची शक्ती तिथल्या तिथे जिरते. मोटार धडकली तर ती शक्ती आतल्या माणसांपर्यंत पोचू नये म्हणून पुढच्या भागात नेमके हेच हवे असते. आवाज शोषण्याच्या कामीही हा फेस उपयोगी पडतो. जपानमध्ये महामार्गांच्या उन्नत पुलांखाली त्याचे तक्ते त्यासाठी लावले गेले.

मग हा पदार्थ घरोघरच्या वाहनांत का दिसत नाही? किंमत हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. या फेसाला वाकविता येत नाही.

आडमुठा गुणवंत

साधा पत्रा वाकविताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. भरीव धातू दोन्ही सोसतो. फेसाच्या भिंती मात्र अतिशय पातळ. ताण पडला की त्या फाटतात आणि एक भिंत फाटली की तिचा भार शेजारणीवर जाऊन तीही फाटते. आतल्या बाजूस दाबयंत्राच्या ओठाखाली पोकळ्या चेपून सपाट होतात. शिळा ढोकळा दोन्ही हातांनी वाकवून पाहावा, म्हणजे हे लक्षात येईल. वरून भेग, खालून चुरा.

आकाराच्या साच्यातच फेस फुगविणे शक्य आहे. पण प्रत्येक नव्या आकाराला नवा साचा लागतो आणि साच्याच्या कोपऱ्यांत फेस सारखा भरतोच असे नाही. ठोकळ्यातून कोरून काढावे तर महागडा माल वाया जातो. सपाट तक्ता करणे त्या मानाने सोपे. पण मोटारीत, विमानात, जहाजात सपाट असे असते तरी काय? तेव्हा तक्ता मोडल्याविना वळला पाहिजे, नाहीतर आघात जिरविण्याचा त्याचा मोठा गुण मोटारीतल्या माणसाच्या कामी यायचाच नाही, अशी ही अडचण होती.

बारामतीचा धागा

आता लेसरकडे वळू. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच तालात चालणारा आणि अगदी लहानशा जागी एकवटता येणारा प्रकाश. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून तो प्रथम मिळविला. पण धातू तापविण्या-कापण्याइतका जोमदार आणि अखंड झोत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला तो १९६४ मध्ये, कार्बन-डायऑक्साइड वायूच्या लेसरने. त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला. १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांना देण्यात आले.

आमच्या इंदूरकर वाचकांना आणखी एक गोष्ट अभिमानाने आठवेल. लेसर आणि कणत्वरक यांच्या संशोधनासाठी १९८४ साली त्यांच्याच शहरात केंद्र उभे राहिले. आज ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाते आणि उद्योगांच्या कामी येणारे जोमदार लेसर तेथे घडविले गेले आहेत.

जहाजबांधणीच्या गोद्यांत पोलादाचे जाड पत्रे गॅसच्या ज्योतीने रेषेरेषेने तापवून वळविण्याची कारागिरी बरीच जुनी आहे. ज्योतीच्या जागी लेसर आला आणि तापमानावर, जागेवर, वेळेवर काटेकोर हुकमत मिळाली. १९८० नंतरच्या दोन दशकांत जपान, जर्मनी आदी देशांत या क्रियेचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला.

उष्णतेची शर्यत

भरीव पत्रा लेसरने कसा वाकतो, ते आधी पाहू. पत्र्यावर लेसरचा ठिपका एका सरळ रेषेत फिरवितात. रेषेवरचा वरचा थर क्षणात तापतो. खालचा थर अद्याप थंड असतो. तापलेला थर पसरू पाहतो. अॅल्युमिनियमची एक मीटर लांब पट्टी १०० अंशांनी तापली तर सुमारे २.४ मिलिमीटरने वाढते. पण भोवतीचा थंड धातू त्याला वाढू देत नाही. तापल्यामुळे तो मऊही झालेला असतो. तेव्हा तो स्वतःतच दबतो. या वेळी पत्रा किंचित उलट्या दिशेने, म्हणजे प्रकाशापासून दूर झुकतो. ठिपका पुढे गेला की तो थर निवू लागतो, आखडतो, आणि दबून बसल्यामुळे आता पूर्वीपेक्षा आखूड भरतो. तो दोन्ही बाजूंना आपल्याकडे ओढतो आणि पत्रा प्रकाशाच्या दिशेने वळतो. एका फेरीत मिळते अंशभर, फार तर दोन अंश. अशा अनेक फेऱ्या दिल्या की हवे ते वळण साधते. आखडणारी धाव चाक आवळते, तसा आखडणारा थर पत्र्याला वाकवितो.

यात सारी मदार एका गोष्टीवर आहे. वरची बाजू तापली असताना खालची थंड राहिली पाहिजे. ही जणू शर्यत आहे. उष्णता खाली पोचण्यापूर्वी वरच्या थराने दबून घेतले पाहिजे. आणि इथेच अॅल्युमिनियम अवघड ठरते, कारण त्याच्यातून उष्णता फार वेगाने धावते. हिशेब केला तर दहा मिलिमीटर जाडीच्या भरीव अॅल्युमिनियममधून उष्णतेची लाट सुमारे एका सेकंदात आरपार जाते. वरखाली दोन्ही सारखेच तापले तर वाकवणार कोण?

पोकळीचा आडथळा

फेसात हे चित्र पालटते. भरीव धातूत उष्णतेला हमरस्ता मोकळा असतो. फेसात तिला भिंतीभिंतींनी, पोकळ्यांना वळसे घालीत, जुन्या वाड्यातल्या बोळाबोळांतून जावे लागते. रस्ता अरुंद आणि वर नागमोडी. धातूचा वाटा एकदशांश असेल तर उष्णतावहन एकदशांश होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर येते.

पोकळ्यांतल्या वायूमधून उष्णता जात नाही काय? जाते, पण नाममात्र. हवेची उष्णतावाहकता अॅल्युमिनियमच्या सुमारे नऊ हजाराव्या हिश्श्याइतकी. तापलेली हवा वर, थंड हवा खाली, असे अभिसरण चालण्यासही जागा लागते. काही मिलिमीटरच्या बंद खोलीत ते सुरूच होत नाही. उरले प्रारण, म्हणजे एका भिंतीने दुसरीला दिलेली शेकोटीसारखी धग. तापमान चढते तशी ती झपाट्याने वाढते; तरी चार मिलिमीटरच्या पोकळ्या आणि ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान धरून आम्ही आकडेमोड केली, तेव्हा भिंतींतून वाहणाऱ्या उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याहून ती फारशी अधिक भरली नाही. थोडक्यात, उष्णतेचा खरा प्रवास त्या पातळ भिंतींतूनच होतो.

मात्र येथे एक मेख आहे. उष्णता कमी वाहते हे खरे, पण तापवायचा धातूही दहावाच आहे. थोड्या उष्णतेनेही तो तापतो. म्हणून उष्णतेची लाट पन्नासपट मंद होत नाही. दोन्हींचा मेळ घातला की ती सुमारे पाचपट मंदावते. भरीव अॅल्युमिनियममध्ये दहा मिलिमीटरला एक सेकंद, तर फेसात सुमारे पाच. या बाबतीत अॅल्युमिनियमचा फेस आपल्या जातभाईपेक्षा पोलादाच्या पंक्तीला अधिक जवळ जाऊन बसतो. दहा मिलिमीटर रुंदीचा ठिपका सेकंदाला पाच मिलिमीटर या गतीने फिरविला तर प्रत्येक जागेवर तो दोन सेकंद राहतो. तेवढ्यात वरची बाजू तापते आणि खालची बरीच निवांत असते. भरीव पत्र्यात हीच गती निरुपयोगी ठरली असती.

पोकळीचे आणखी दोन उपकार आहेत. सपाट अॅल्युमिनियम आरशासारखे बराचसा प्रकाश परतवून लावते. कार्बन-डायऑक्साइड लेसरचा तर बहुतेक सारा. म्हणून एरवी त्यावर ग्रॅफाइटचा काळा थर फवारावा लागतो. पण कापलेल्या फेसाच्या पृष्ठभागावर उघड्या पोकळ्या असतात. आत शिरलेला किरण भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो आणि दरवेळी थोडा थोडा शोषला जातो. विहिरीचे तोंड दुरून काळे दिसते, त्याचे कारण हेच. त्यामुळे उष्णता केवळ कातडीवर न पडता पहिल्या पोकळ्यांच्या खोलीपर्यंत जन्म घेते.

दुसरा उपकार अधिक मोलाचा. तापलेल्या थराला दबण्यासाठी भरीव पत्र्यात धातूलाच चेपावे लागते. फेसात भिंती नुसत्या दुमडतात. पोकळीत जागा असतेच. वरची बाजू अशी आखूड झाली की तक्ता वळतो आणि खालच्या बाजूला फारसे ताणावे लागत नाही. म्हणजे ज्या ताणाने फेस फाटत होता, तो ताण द्यावाच लागत नाही. हाताने वाकविताना जी पोकळी घातक ठरत होती, तीच प्रकाशाने वाकविताना साहाय्यास येते. या साऱ्या विषयाचे मर्म आमच्या मते येथे आहे.

रोम आणि न्यूयॉर्क

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठातील संशोधकांनी २००९ च्या सुमारास डायोड लेसरने अॅल्युमिनियमचा फेस आणि दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले तक्ते वळवून दाखविले. पुढच्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या क्रियेतील उष्णतेचा आणि वाकण्याच्या कारणांचा सखोल अभ्यास झाला.

तेथे एक मोठा प्रश्न असा होता की, या फेसातली उष्णता मोजावी आणि वर्तवावी कशी? त्यासाठी तीन रीतींची तुलना झाली. पहिली सोपी. पोकळ्या विसरायच्या आणि फेस म्हणजे हलका, मंदवाहक असा एक भरीव ठोकळाच आहे असे मानून हिशेब करायचा. दुसरीत सर्व पोकळ्या एकाच आकाराच्या आणि शिस्तीत मांडलेल्या आहेत असे धरायचे. तिसरीत क्ष-किरणांच्या संगणकीय छायाचित्रणाने फेसाच्या खऱ्याखुऱ्या पोकळ्या टिपायच्या आणि जशाच्या तशा संगणकात उतरवायच्या. पहिली रीत स्वस्त आणि झटपट. तिसरीला संगणकाचा वेळ अफाट लागतो.

सरासरीने एकंदर तापमानाचा अंदाज येतो. पण सरासरीच्या स्वभावातच एक उणीव आहे. कोणती एक भिंत नेहमीपेक्षा पातळ आहे, कोणती शेजाऱ्यांपासून तुटून एकटी पडली आहे, हे ती सांगू शकत नाही. आणि धोका नेमका तेथेच असतो. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. एकट्या पडलेल्या पातळ भिंतीला आलेली उष्णता पुढे देण्यास वाट नसते. शेजारच्या भिंती सुखरूप असताना ती वितळून थेंब होते आणि तिच्या जागी भगदाड पडते. लेसर हळू फिरवावा तर उष्णता खाली पोचून वळण हुकते. जोर वाढवावा तर भिंती वितळतात. या दोन टोकांमधील अरुंद पट्टीतून कारागिराला चालावे लागते. म्हणून ठिपका रुंद ठेवतात, जोर बेताचा ठेवतात, आणि एका फेरीनंतर तक्ता निवू देऊन मगच दुसरी फेरी देतात. घाई केली तर मागच्या फेरीची उष्णता उरते, वरखालचा फरक मावळतो आणि वळण थांबते.

अडचणी अजून आहेत. फेसाचा एक तक्ता दुसऱ्यासारखा नसतो. पोकळ्यांची मांडणी दरवेळी निराळी, त्यामुळे वळणही थोडे निराळे. वळणाच्या आतल्या बाजूस भिंती दुमडल्या म्हणजे तेथली आघात जिरविण्याची ताकद बदलणार. तिचा हिशेब मोटारीचा भाग आखणाऱ्याने आधीच धरला पाहिजे. शिवाय फेऱ्यांमागून फेऱ्या म्हणजे वेळ, आणि कारखान्यात वेळ म्हणजे पैसा. हजारो एकसारखे भाग हवे असतील तर साचा परवडेल. थोडे आणि निरनिराळ्या आकारांचे हवे असतील तर लेसर.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुलेमुली आज अभियांत्रिकी शिकत असतील. त्यांच्या पुस्तकांत उष्णतावहनाचे समीकरण पहिल्याच काही प्रकरणांत येते आणि ते बहुधा भरीव पट्टीसाठी सोडविलेले असते. पट्टीत पोकळ्या आल्या की तेच समीकरण किती नवे प्रश्न उभे करते, हे त्यांनी एकदा पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी धाव चढविताना पाहिली असेल, तर तेही त्यांना जरूर विचारावे. कडे किती लाल व्हावे, चाकावर केव्हा टाकावे आणि पाणी केव्हा ओतावे, हे आपला लोहार तापमापकावाचून, नुसत्या रंगावरून ओळखीत असे. लेसरच्या प्रयोगशाळेत तेच काम आज अवरक्त कॅमेरा करतो. तापवायचे किती आणि थांबायचे केव्हा, हा प्रश्न मात्र दोघांपुढेही एकच.